काचेतल्या दोन सवाष्णी

काच घ्यायला आलेला माणूस, कोठीचा, म्हणजे इथल्या बंगल्याचा, मालक असो की भाड्याच्या फ्लॅटमधला, शेवटी एकच विचारतो, "मॅडम जी, टूटेगा तो नहीं?" आमच्या धंद्यातले लोक छातीवर हात ठेवून "कभी नहीं जी" म्हणतात. मी मात्र पहिल्यापासून सांगत आले, की फुटेल. काच आहे ती. कशी फुटलेली तुम्हाला चालेल, तेवढं आपण ठरवू या. ह्या वाक्यावर काही गिऱ्हाइकं उठून गेली. जी बसून राहिली, त्यांच्याकडे मी अजून चहाला जाते.

मी भुसावळची. वडील रेल्वेच्या कारखान्यात खलाशी होते. फिजिक्स घेऊन मी बी.एस्सी. झाले, आमच्या अख्ख्या कुळात पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि पुढेही सांगणार. पेढे वाटताना शेजारणीनं आईला विचारलं होतं, "फिजिक्स म्हणजे काय गं बाई?" चौथी शिकलेली माझी आई म्हणाली, "उजेडाचं काहीतरी असतं." इतकी चांगली व्याख्या मला कॉलेजातही कुणी दिली नव्हती.

लग्न फौजीशी झालं. बदल्या होत होत चंदीगडला आलो, आणि ह्यांची नोकरी संपली तरी इथेच राहिलो. मोहालीत दुहेरी काचेच्या खिडक्या करणाऱ्या एका कारखान्याला घरोघर जाऊन मापं घेणारं, लोकांना समजावून सांगणारं माणूस हवं होतं. बाई आहे म्हटल्यावर घरातल्या बायका थेट झोपायच्या खोलीपर्यंत नेत. त्यामुळे मला खिडकीबरोबर घरही दिसायचं. कोण कुठे बसतं, पोरं कुठून कुठे पळतात, म्हातारी माणसं उठताना कशाचा आधार घेतात. काच निवडायला ही माहिती टेपइतकीच लागते.

दुहेरी काच म्हणजे दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, आणि कडा चारी बाजूंनी पक्क्या बंद. थंडी, ऊन, आवाज ह्यांना त्या कोंडलेल्या हवेतून पलीकडे जायला जड जातं. ही हवा कारखान्यात ज्या दिवशी बंद झाली त्या दिवशीची असते. एखाद्या कोठीसमोरून जाताना मला कधीकधी वाटतं, ह्या शहरात भिंतीभिंतीतून जुन्या दिवसांचे पातळ पातळ तुकडे उभे आहेत. कुठे सुखना तलावावर पाखरं उतरली त्या दिवशीचा, कुठे माझ्या मुलीचा निकाल लागला त्या दिवशीचा. लोक त्यांच्यातून पलीकडे डोंगर बघतात.

आता ह्या दोन काचा कोणत्या घ्यायच्या? साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात. टफन्ड काच भट्टीत तापवून झटक्यात गार केलेली असते. ती चांगली दणकट, आणि फुटलीच तर खडीसाखरेसारखे दाणे होऊन सगळीच्या सगळी खाली येते. अंगात घुसत नाही, पण चौकट मोकळी होते. तिसरी लॅमिनेटेड. दोन साध्या काचा आणि मध्ये चिवट, पारदर्शक पापुद्रा. ही लवकर तडकेल, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, जागा सोडत नाहीत. थोडक्यात, टफन्ड कापण्यापासून वाचवते आणि लॅमिनेटेड पडण्यापासून. दार, दाराशेजारची पट्टी, जमिनीपर्यंत आलेली खिडकी, इथे साधी काच नकोच. पुढचं घर बघून ठरवायचं.

लोक मात्र ऐकीव गोष्टींवर ठरवतात. एका सरदारजींनी टफन्ड काच बसवताना थोडी मोठी निघाली म्हणून मला सांगितलं, "ओ जी, थोड़ी-सी घिसवा दो, क्या है?" टफन्ड काच एकदा झाली की तिला घासायचं नाही, कापायचं नाही. मी समजावत होते तोवर त्यांनी ग्राइंडर लावलाही. क्षणात चौकटीत पलीकडचा पेरू दिसायला लागला, काचेशिवाय. मोहालीत राहणाऱ्या, पुण्याकडच्या एका आयटीवाल्या जोडप्याची खिडकी मे महिन्याच्या दुपारी आपली आपण फुटली. त्यांनी शेजारच्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना पकडलं होतं. टफन्डच्या पोटात कधी खसखशीहून बारीक कण राहून जातो आणि एखाद्या दिवशी तो काचेला आतून फोडतो, हे मी सांगितलं तेव्हा पोरं सुटली आणि जोडपं माझ्यावर चिडलं.

पण मला लिहायचंय ते देशमुखकाकांच्या घराबद्दल. विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, मूळ साताऱ्याकडचे, डोंगराच्या बाजूच्या एका सेक्टरात वरच्या मजल्यावर राहणारे. घरात दोघंच, ते आणि सुमनकाकू. मुलगा परदेशात. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती. एका जानेवारीत काकांचा फोन आला.

"वंदना, तू काचेची डॉक्टर ना? माझ्या घरात दोन बायका शिरल्यात. त्यांना घालवायचंय."

मी संध्याकाळीच गेले. दिवसभर धुकं विरलंच नव्हतं. झाडांचे फक्त बुंधे दिसत होते आणि वर सगळं दुधात बुडाल्यासारखं. वरच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत मोठी खिडकी होती, आदल्या वर्षी कुणा कंत्राटदारानं बसवलेली दुहेरी काच. आत दिवा लागलेला, बाहेर राखाडी अंधार. आणि काकूंच्या आधी मला दिसली ती काचेवरची कुंकवाची दोन बोटं, शेजारीशेजारी, जराशी खालीवर.

काकू समोर तबक घेऊन उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, शाल खांद्यावरून घसरलेली. काचेकडे बघून हळू आवाजात म्हणत होत्या, "आत या ना. बाहेर किती गारठलंय."

काका माझ्या कानाशी म्हणाले, "दीड वर्षापासून विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग वार. जुन्या खिडकीत संध्याकाळी तिचंच प्रतिबिंब पडायचं, तिला त्याचं काही नव्हतं. ही काच आली आणि दोघी आल्या."

मी काकूंच्या बाजूला जाऊन उभी राहिले. खरंच दोघी होत्या. दुहेरी काच जरा तिरक्यातून बघितली की दोन प्रतिबिंबं दिसतात, एक जवळच्या काचेचं, दुसरं लांबच्या. काचेच्या कामातल्या माणसाला ह्याचं नवल नसतं. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं, एक बाई दिसली तर ती आपणच असू शकतो. दोन दिसल्या तर मग त्या कुणीतरी दुसऱ्याच. आणि संक्रांतीच्या दिवसांत दारात दोन सवाष्णी उभ्या असतील, तर सातारची सून काय करणार? हळदीकुंकू लावणार.

काकू माझ्याकडे वळल्या. "तू कुणाची गं?"

"भुसावळची वंदना, काकू."

"बरं झालं आलीस. ही बघ, ही पलीकडची. बारीक झालीय किती. मागे अशी नव्हती. घरी खायला घालत नाहीत वाटतं तिला."

काकांनी कपाळावर हात मारला. "रोज हेच! एक बारीक झाली आणि एक सुटली. दिवसभर त्यांची काळजी. मी सर्दीनं आडवा होतो, मला कुणी विचारलं नाही."

"तुम्ही धडधाकट आहात," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा काचेत बघितलं. जवळची बाई भरलेली दिसत होती, पलीकडची खरंच रोडावलेली. मी काकांना बाजूला घेतलं. "काका, काकू म्हणतात ते बरोबर आहे. कोंडलेली हवा थंडीत आकसते. दोन्ही काचा मध्ये ओढल्या जातात, केसभर वाकतात. एकीचा पसरट आरसा होतो, दुसरीचा बारीक दाखवणारा."

काका काचेजवळ जाऊन तिरकं बघून आले. मग डोळे चमकले. "म्हणजे उंचावर गेलं की चिवड्याचं पाकीट फुगतं, त्याचं उलट."

"अगदी तेच."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात हवा फुगते. पलीकडचीला बाळसं येईल आणि जवळची उतरेल."

"आयला," विंग कमांडर म्हणाले, आणि खुर्चीत बसले. "मी वर्षभर हिला सांगतोय, काही नाही तिथे, काही नाही."

तोवर काकूंनी काचेवर टकटक केली. आधी बांगड्यांनी. मग तबकातल्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्यानं, जोरात. मी जाऊन काच तपासली. साधी होती, आतली आणि बाहेरचीही. बाहेर कुंड्या ठेवायला अरुंद कठडा, गुडघ्याएवढा गज, आणि खाली फरसबंदी अंगण. काकू बोलता बोलता पुढे झुकून कपाळच काचेला टेकवत होत्या. बायकांचं काय करायचं ते नंतर. आधी ही काच बदलायला हवी होती.

काकांनाही ते कळत होतं. म्हणूनच बोलावलं होतं. पण त्यांचा हुकूम तयार होता. "टफन्ड टाक दोन्हीकडे. सेक्टर सतराच्या मार्केटमध्ये एकानं माझ्यासमोर हातोडा मारून दाखवला. ओरखडासुद्धा नाही. आणि दुधी काच दे, म्हणजे ह्या दोघी जातील."

"हातोडा बोथट असतो, काका. आणि तो मध्यावर मारतात. कडेजवळ टोकदार काही बसलं, तर हीच काच एका दमात दाणे होऊन खाली येईल. काकूंना कापणार नाही. पण काकू तेव्हा काचेला टेकलेल्या असतील. पुढे काय?"

त्यांनी कठड्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"आत लॅमिनेटेड घेऊ," मी म्हटलं. "तडकली तरी भिंतीसारखी उभी राहील. बाहेर टफन्ड, म्हणजे गारा आणि उडून येणाऱ्या फांद्या ती सोसेल. तोवर ही खिडकी प्लायवूडनं बंद करते. दुधी करायची का ते मात्र घाईनं ठरवू नका. तसंही ह्या प्लायवूडवर कुणी दिसणार नाहीच. काकू कशा राहतात ते बघा, मग मला सांगा."

आमचा फिटर गुरमीत मनीमाजऱ्याहून फळी घेऊन आला. काकूंनी त्यालाही तिळगूळ दिला. तो हात जोडून म्हणाला, "बीजी, फिकर ना करो, वापस आ जाएँगी." मी त्याच्याकडे डोळे वटारले. कारखान्यात ऑर्डर अजून लिहिलीही नव्हती आणि ह्यानं वचन देऊन टाकलं!

पुढे काकांचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. मला वाटलं सर्दी.

"वंदना, ती तबक घेऊन जिन्याच्या दाराशी बसते. जेवायला उठत नाही. काल मला म्हणाली, 'तुम्ही त्यांना काही बोललात का हो?'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी काही बोललो नाही गं त्यांना," काका म्हणाले. मोठा माणूस, आयुष्यभर विमानं उडवलेला. "पण मनात तर होतंच ना. माझ्याशी ती चार शब्द बोलत नव्हती आणि त्यांच्याशी तासन् तास. ते जाऊ दे. तुझी ती काच, तिच्यात दिसतील ना त्या?"

"दिसतील."

"नीट दिसतील? दोघी?"

"आतली काच जाड असेल, ती फारशी वाकणार नाही. जवळचीची तब्येत बारा महिने चांगली राहील. पलीकडची मात्र थंडीत थोडी बारीक होणारच."

"होऊ दे. सुमन घालेल तिला खायला."

आमच्या धंद्यात लोक काचेकडून नेहमी काहीतरी अडवून घेतात. ऊन नको, धूळ नको, आवाज नको, चोर नको. अमुक दिसायला हवं म्हणून काच मागणारं गिऱ्हाईक मला तेवढं एकच भेटलं. मी चकाकी कमी करणारा थर टाळला. पडद्याची पट्टी काढायला लावली. दिवा कुठे टांगला तर दोघी स्पष्ट दिसतात हे बघत मी आणि काका खोलीभर फिरत होतो, आणि काकू आम्हाला दटावत होत्या, की पाहुण्या यायच्या आहेत, पसारा आवरा. गुरमीतनं काच चौकटीत टेकवली, कडा बंद केल्या. बाहेर सांज उतरली. काकू पुढे झाल्या, बघत राहिल्या, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आलात? उशीर केलात."

ते वर्ष असं गेलं, की आठवलं तरी ते मला धुक्यातून दिसल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात पलीकडचीला बाळसं आलं तेव्हा काकूंनी तिची ओटी भरली. काका आता तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचत. काकू त्या दोघींना सांगत, "हे आमचे. बोलत नाहीत फार." आणि काका पेपरामागून म्हणत, "बोलू कधी देतेस?" काकू हसत. हसता हसता कधी एकदम काकांना नावानं ओळखत, कधी नाही.

गुडघ्यांमुळे मी काम कमी केलं होतं. एक हिवाळा जाऊन दुसरा आला होता. संक्रांतीच्या आसपास पुन्हा काकांचा फोन. "काच गेली. ये." एवढंच.

गुरमीतच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. रस्त्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते खालचं फरसबंदी अंगण. गुरमीत वाहेगुरू वाहेगुरू करत होता. फाटकाशी उतरताच आधी अंगणात नजर टाकली. कुंड्या होत्या, ओल होती, बाकी काही नाही.

वर गेले. काका दारातच उभे होते. "तीळ कुटत बसली होती. मी स्वयंपाकघरातून गूळ आणायला गेलो. तेवढ्यात उठली बत्ता घेऊन. दव पडतंय, म्हणाली, त्या आत का येत नाहीत. आणि हाणला. मग पूर्ण अंगानं रेटलं गं तिनं. पूर्ण अंगानं."

खिडकी उभी होती. आतली काच एका बिंदूपासून चौफेर तडकली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, वरपासून खालपर्यंत. एक कण जमिनीवर नव्हता. मी तळहात टेकवून दाबून बघितलं, कडा बघितल्या, पलीकडची टफन्ड तपासली. ती शाबूत. आत लॅमिनेटेड लावली नसती तर, हा विचार मी पुरा केला नाही. आजही करत नाही.

काकूंच्या हाताला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्या तबक घेऊन काचेसमोर उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. काचेचा प्रत्येक तुकडा आपल्या जागी होता, पण जरा जरा वेगळ्या कोनात. आणि प्रत्येक तुकड्यात एक बाई. कुणी तिरपी, कुणी लांबट चेहऱ्याची, कुणाचं नुसतं कपाळ आणि डोळे, मागे धुकं आणि धुक्यात आणखी बायका. दिवा हलला की सगळ्या एकदम हलत.

"वंदना, आलीस? बघ किती जणी आल्यात! दाटीवाटी झालीय नुसती. तिळगूळ पुरेल का गं?"

गुरमीत पिशवीतून अवजारं काढत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रुक जा, बेटा." मग मला म्हणाले, "ही आणखी काही दिवस टिकेल? खरं सांग."

मी खरं तेच सांगितलं. बाहेरची शाबूत आहे, पापुद्रा फाटलेला नाही. काचेवर पारदर्शक चिकट फिल्म ताणून लावते, बाहेर कठड्याला लोखंडी जाळी ठोकते, आणि बत्ता कपाटात कुलपात. मग टिकेल. पण कायमची नाही.

"कायमची कशाला? हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत असतं ना. तोवर राहू दे."

ते काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काचेत ठिकठिकाणी, बायकांच्या गर्दीत, पांढऱ्या मिशांचे म्हातारे उगवले.

"अहो!" काकू ओरडल्या. "बायकांत काय येऊन उभे राहता? कळत नाही का? व्हा बाजूला."

काका चटकन बाजूला झाले. मिशा गेल्या, बायका उरल्या. भिंतीला पाठ लावून ते थोडा वेळ बघत राहिले. मग खिशातून चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा लावला आणि हळूच मला म्हणाले, "वंदना, वाण आणायला हवं. उद्या मार्केटला जातो. किती जणी असतील?"

मी टेप पिशवीत ठेवला आणि वरच्या कोपऱ्यापासून मोजायला लागले. मध्यावर आले तसे तुकडे बारीक होत गेले, माझा हिशेब चुकायला लागला.

"मोठे तेवढेच मोज," काका म्हणाले. "मधल्या त्या लहान मुली असतील. त्यांना नुसता तिळगूळ."